कमरेतून पायात

आज पाळीचा दुसरा दिवस. पोटापेक्षा कंबरच जास्त बोलतेय, आणि डाव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत एक कळ उतरतेय. गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. गर्भाशयाच्या आणि कमरेच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून दुखतं आत आणि जाणवतं पाठीत. मेफेनामिक ॲसिडची गोळी हे प्रोस्टाग्लँडिनच रोखते. डॉक्टरांना विचारून ही गोळी कळ सुरू होतानाच, जेवणानंतर घ्यायची. आपण मात्र असह्य होईपर्यंत थांबतो. या सोसण्याचं कौतुक कुणी शिकवलं कोण जाणे!

पायातली कळ दर महिन्याला पाळीबरोबरच येत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, तपासणी करायला हवी. क्वचित तो सायटिक नसेपर्यंतही पोहोचतो. ‘लग्न झालं की थांबेल’ हे त्यावरचं उत्तर नव्हे.

गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले की बीडच्या ऊसतोड बाया आठवतात. दिवस बुडाला की खाडा, म्हणजे पैसे कापले जाणार. म्हणून पाळीतही डोक्यावर मोळी. खाडा टाळायला कित्येकींनी गर्भाशयच काढून घेतल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. माझी रजा मंजूर झाली. अर्जात कारण लिहिलं होतं, ताप.