हनुवटीवरचा मास्क

पुण्यातल्या मुली तोंड बांधायला कुठल्या विषाणूसाठी थांबल्या नव्हत्या. स्कूटीला किल्ली लावायच्या आधी ओढणीचे दोन वेढे, मागे गाठ, वर गॉगल. लक्ष्मी रोडवर सख्ख्या मामालाही भाची ओळखू येऊ नये असा बंदोबस्त. धूळ, ऊन ही घरी सांगायची कारणं. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि औषधांच्या दुकानांतले मास्क बघता बघता संपले. ओढण्या आणि रुमाल मात्र घरोघरी होतेच.

त्यामुळे २०२०ची सक्ती या शहराला जड जाणार नाही, असं वाटलं होतं. गेली. गाडीवरून उतरलं की गाठ सोडायची सवय; इथे नेमकं उतरल्यावरच बांधून ठेवायचं होतं. मग मास्क हनुवटीवर येऊन राहिला. चौकात पोलीस दिसला की वर, चौक मागे पडला की खाली. पावतीची भीती खरी होती, तिचा आकडा ठरलेला होता; विषाणूचा हिशेब कुणाला लागत नव्हता.

आमच्या भाजीवाल्या मावशींचा मास्क एरवी अगदी नाकावर असे. भाव सांगायची वेळ आली की त्या तो खाली ओढत. ‘ऐकू येत नाही हो दादा.’ फोन आला की खाली. शिंक आली तरी खाली, कारण मास्क ओला होतो! तुषार उडतात ते बोलताना नि शिंकताना, हे टीव्हीवर रोज कुणी ना कुणी सांगत होतं.

आणि घरात आलेला चुलतभाऊ? त्याच्यासमोर तोंड झाकून बसायचं कसं? ‘आपलीच तर माणसं’ म्हणत सोफ्यावर बसता बसता दोघांचेही मास्क खिशात जात. याला लोक बेफिकिरी म्हणतात. मला त्यात भीड जास्त दिसते. झाकलेलं तोंड म्हणजे समोरच्यावर घेतलेला संशय, आणि संशय घ्यायचा तो परक्यावर. दुसऱ्या लाटेत घरंच्या घरं एकदम अंथरुणाला खिळली, त्यात या भिडेचा वाटा किती, कोण मोजणार?

परक्यांसाठीचा तो एन-९५ मात्र जिवापाड जपला जाई. धुवायचा नसतो हे माहीत असूनही साबणाच्या पाण्यातून निघून तो दोरीवर मोज्यांशेजारी चिमट्याला लटके. इलॅस्टिक सैल पडलं की कानामागे गाठ. पन्नास पाहुण्यांच्या लग्नात शालूच्या काठाचे मास्क निघाले. फोटोग्राफर म्हणे, ‘काढा आता, हसा.’

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. राज्यातली सक्ती उठली. आठवडाभरात बाजारात मास्क शोधावा लागू लागला. आमच्या बँकेतल्या कॅशियर बाईंनी मात्र तो ठेवला. अजून भीती वाटते का, विचारलं.

‘छे हो,’ नोटा मोजता मोजता त्या म्हणाल्या, ‘आत दिवसभर हसावं लागत नाही.’