थंडीत एसी

डिसेंबरातली पहाट. आजी धुळ्याला दवाखान्यात, म्हणून जळगावहून आम्ही पाचजण काचा गच्च लावून निघालो. जुना सहा नंबरचा, आताचा 53 नंबरचा हायवे. पारोळा सोडलं आणि पुढची काच पांढरी झाली. पप्पा एका हाताने फडकं मारत होते. पुसलं की पुन्हा तेच. त्या पांढऱ्यातूनच अचानक कापसाची ट्रॉली पुढे आली, मागे लाल दिवा नाही. ब्रेक लागला. मम्मी काही बोललीच नाही.

मी एसी लावला.

"थंडीमा एसी कोन लावस रे?"

इंजिनिअरिंगची चार वर्षं अशा वेळी तोंडाशी येत नाहीत. कसंबसं सांगितलं: वाफ आपल्याच श्वासांची, थंड काचेवर तिचं पाणी होतं. एसी ते पाणी आधीच आतल्या थंड जाळीवर काढून घेतो. मग हीटरही चालू केला, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद केलं, झोत काचेवर वळवला. मिनिटा-दोन मिनिटांत खालून काच उघडत गेली.

परतताना एसीचं बटण पप्पांनीच दाबलं. फडकं मात्र मांडीवरच होतं.