मंद घड्याळाचे माप

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातले आष्टी हे गाव कापूस, तूर आणि सोयाबीनच्या हंगामावर चालते. अशा गावातील व्यापाऱ्याच्या घरी काट्याला मोठा मान असतो. शेतकरी विश्वास ठेवतो तो माणसावर. पण त्या विश्वासाची परीक्षा होते ती काट्यावर. याच गावातील अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका जैन कुटुंबात गेल्या वर्षी मापाचा एक प्रश्न उभा राहिला. तो मात्र धान्याच्या पोत्यावरून नव्हे, एका जुन्या व्हिडिओ गेमवरून.

उन्हाळ्याच्या सुटीत माळ्यावरची अडगळ आवरताना, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेल्या नातवाला काकांच्या लहानपणीचा कॅसेटचा गेम सापडला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. पुढे आपल्याकडे गावोगावी जी स्वस्त यंत्रे पोहोचली, त्यांतील बहुतेक त्याच्या नकला होत्या. आईने खेळायला परवानगी दिली, पण एक अट घातली : ज्यात कोणाला मारावे लागते असा खेळ या घरात नको. म्हणून मुलाने निवडला तो मोटारसायकलच्या शर्यतीचा ‘एक्साइटबाइक’ हा 1984 सालचा खेळ.

जुने खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करण्याची स्पर्धा जगभर चालते. तिला स्पीडरन म्हणतात. खेळाडू आपल्या खेळाचे चित्रीकरण पाठवतो, जाणकार ते तपासतात आणि मग नाव यादीत चढते. एप्रिल 2021 मध्ये निफ्टस्की या नावाने खेळणाऱ्या अमेरिकी तरुणाने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ प्रथमच 4 मिनिटे 55 सेकंदांच्या आत संपवला. तो मूळ यंत्रावर खेळला नव्हता. संगणकावर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली, म्हणजे एम्युलेटर, वापरून तो साध्या कीबोर्डवर खेळला होता. आणि ते मान्य झाले. कारण त्याने काय वापरले हे उघड होते आणि ते नियमांत बसत होते.

मुलाचा हात लवकर बसला. दोन महिन्यांत पडद्यावरचे घड्याळ असे आकडे दाखवू लागले की त्याचे त्यालाच नवल वाटावे. चित्रीकरण पाठवण्यापूर्वी त्याने नियमावली वाचायला घेतली. अशा नियमावल्यांत साधनांची निवड हा मोठा भाग असतो. मूळ यंत्र चालते. अनेक ठिकाणी कंपनीने स्वतः पुन्हा काढलेल्या आवृत्त्याही चालतात. एम्युलेटर मात्र पारखून घेतले जातात. मेसेन किंवा बिझहॉक यांसारखे अचूक मानलेले पुष्कळ ठिकाणी स्वीकारले जातात, तर सुपर निन्टेन्डोसाठीचा झेडस्नेस हा जुना एम्युलेटर अचूक नसल्याने अनेक खेळांच्या यादीतून वगळला आहे. आपोआप कळ दाबणारे टर्बोचे बटण बहुधा चालत नाही. मूळ हातळीवर डावी आणि उजवी दिशा एकदम दाबता येत नाही, कीबोर्डवर येते. म्हणून तसे करण्यासही सहसा बंदी असते.

यापुढची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. जपान-अमेरिकेतील मूळ यंत्र सेकंदाला सुमारे 60 चित्रे दाखवते. भारतातील दूरचित्रवाणीची पद्धत 50 चित्रांची, त्यामुळे तिच्यासाठी बनवलेल्या यंत्रांचा वेगही तेवढाच. खेळातील सगळी हालचाल या चित्रांच्या मोजणीवर चालते आणि पडद्यावरचे घड्याळसुद्धा त्याच मोजणीवर. मुलाने मोबाइलचे घड्याळ शेजारी धरून पाहिले. पडद्यावर 1 मिनिट झाले तेव्हा मोबाइलवर 72 सेकंद झाले होते. खेळ मंद होता आणि त्याला मोजणारे घड्याळही तेवढेच मंद होते. एक चित्र जिथे 16.6 मिलिसेकंद टिकायला हवे, तिथे ते 20 मिलिसेकंद टिकत होते. उडी घेताना, तोल सावरताना विचार करायला त्याला इतरांपेक्षा पाचव्या हिश्शाने अधिक अवधी मिळत होता.

परतूरच्या मित्राने उपाय सुचवला : “चित्रीकरण संगणकावर सहापंचमांश वेगाने पळव. घड्याळाला घड्याळ जुळेल, कोणाला कळणार नाही.” हिशेब बिनचूक होता. मुलाने तसे करूनही ठेवले. पण पाठवण्याचे बटण मात्र त्याच्याने दाबवेना.

त्याच आठवड्यात दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्याची वार्षिक पडताळणी आणि मुद्रांकन होते. काम आटोपल्यावर मुलाने विषय काढला. “आजोबा, आपला काटा जर चुकत असता आणि किती चुकतो हे आपल्याला नेमके माहीत असते, तर मनातल्या मनात तेवढे वजा करून व्यवहार केला तर चालेल का?”

आजोबांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. “काटा कोणता आहे, ते आधी सांग.”

मुलाने सगळे सांगितले. आजोबांना खेळ कळला नाही, पण माप लगेच कळले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन व्यापाऱ्याने रोज आठवावेत असे आहेत : हीनाधिकमानोन्मान, म्हणजे कमीअधिक मापे वापरणे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली नकली वस्तू खपवणे. मंद घड्याळ हा पहिला दोष आणि पळवलेले चित्रीकरण हा दुसरा.

“घड्याळ मंद आहे हे तुला ठाऊक नव्हते तोवर ती चूक होती,” आजोबा म्हणाले. “आता ठाऊक झाले आहे. आता पाठवलेस तर तो व्यवहार होईल.”

“पण मेहनत तर माझीच आहे ना, आजोबा?”

“मेहनत तुझीच. पण समोरच्या पोरांना जो वेळ मिळाला नाही, तो तुला मिळाला. तो तुला त्यांनी दिला होता का?”

जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान, हे मुलाने पाठशाळेत पाठ केले होते. वेळही अशा रीतीने घेता येतो, हे त्याला त्या दिवशी उमगले. त्याच नियमाने कोठून तरी उतरवून घेतलेली खेळाची अनधिकृत प्रतही बाद ठरली. एम्युलेटर निर्दोष असला, तरी त्यात घालायचा खेळ हक्काचा हवा.

शेवटी मार्ग निघाला तो पुण्याच्या आत्याकडे. आतेभावाजवळ निन्टेन्डोने 2016 साली स्वतः काढलेले छोटे एनईएस क्लासिक यंत्र होते. त्यात हा खेळ अधिकृतपणे आहे. हे यंत्र चालेल का, हे मुलाने यादीच्या जाणकारांना आधीच विचारून घेतले आणि होकार आल्यावरच हात घातला. पूर्ण वेगात पहिले काही दिवस त्याची मोटारसायकल प्रत्येक चढावर उलटली. बोटांना लागलेली मंद यंत्राची सवय मोडायला दिवाळीची सुटी उजाडली. अखेर जी वेळ पाठवली, ती जुन्या आकड्यापेक्षा चार सेकंदांनी अधिक होती. यादीत त्याचे नाव बरेच खाली लागले, पण साधनाच्या रकान्यात जे लिहिले होते ते खरे होते. पळवलेले चित्रीकरण त्याने पुसून टाकले.

वहीपूजनाच्या संध्याकाळी काकांचे जुने यंत्र पुन्हा माळ्यावर ठेवायचे ठरले. वर चढवण्यापूर्वी मुलाने त्यावर कागदाची एक चिठ्ठी चिकटवली. व्यापारात न वापरायच्या काट्यावर असते तशी ती होती : ‘हे यंत्र मंद आहे. केवळ घरगुती खेळासाठी.’ आजोबांनी चष्मा लावून ती वाचली आणि शिडी धरायला ते स्वतः उभे राहिले.