शेवटच्या खोलीपर्यंत

वर्गांत शेवटच्या बांकावरील मुलास ऐकूं आलें, तरच धडा शिकविला असें समजावें, ही आमची जुनी समजूत. परंतु 2020 सालीं शाळा बंद पडून धडे घरोघरीं नेटवरून चालूं लागले, तेव्हां "सर, आवाज तुटतो" असें म्हणणारीं मुलें आम्हांस सबबी सांगणारीं वाटलीं. आणि कित्येकांच्या नांवापुढें आम्हीं गैरहजेरी मांडली.

यंदा त्याची परतफेड आमच्याच घरीं झाली. पुण्यांतील आमच्या लहानशा फ्लॅटमध्यें राउटर दारापाशीं आहे. कन्येची दहावी, म्हणून तिला मागची शांत खोली दिली. चार दिवसांनीं ती म्हणाली, "बाबा, तेथें नेट पोंचत नाहीं." आम्हीं तिलाही बोल लाविला. मग एके रात्रीं आम्ही स्वतः तेथें जाऊन बसलों. दहा मिनिटांत नेट तीन वेळां तुटलें, आणि आमची मान खालीं गेली.

कारण शोधतां असें दिसलें कीं, मध्यें न्हाणीघराच्या भिंती, त्यांतील पाण्याचे नळ, सळ्या घातलेले सिमेंटचे खांब व आरशाचें लोखंडी कपाट, एवढा पहारा होता! वायफायच्या लहरी आमच्या घरीं दोन प्रकारच्या: 5 गिगाहर्ट्झच्या चपळ, पण भिंतींपुढें लवकर थकणाऱ्या, 2.4 गिगाहर्ट्झच्या मंद, पण दूरवर पोंचणाऱ्या.

प्रथम आम्हीं एक स्वस्त रिपीटर आणून थेट कन्येच्या खोलींत लाविला. फोनवर सर्व रेघा उमटल्या, तरी धडा अडखळावयाचा तो अडखळेच. त्या रेघा फोनला रिपीटर किती स्पष्ट ऐकूं येतो, एवढेंच सांगत होत्या. खुद्द रिपीटरलाच राउटर नीट ऐकूं येत नव्हता. ज्यास धडा ऐकूं आला नाहीं, तो मॉनिटर इतरांस काय सांगणार? मग तो निम्म्या वाटेवर, जेथें मूळ लहरी चांगल्या येत होत्या तेथें, लाविला. काम भागूं लागलें. परंतु ऐकणें व सांगणें एकाच लहरीवर चालत असल्यानें वेग सुमारें निम्म्यावर येई.

अखेर भिंतीच्या कडेनें सुमारें 40 फूट केबल नेली व मागच्या खोलींत तिला दुसरें यंत्र जोडलें. नांव व परवलीचा शब्द पहिल्याचाच ठेविला. अशी केबल 100 मीटरपर्यंत चालते. घरांत तेवढी कोणास लागणार? तेव्हांपासून मागच्या खोलींतील धडा अखंड चालतो.

विद्यार्थ्यांनो, अडचण असेल ती न भितां सांगा. पालकहो, रागावण्यापूर्वीं मुलाच्या खोलींत दहा मिनिटें बसून पाहा. आमच्यापुरतें म्हणाल, तर 2020 च्या हजेरीपटावरील ती गैरहजेरी आतां पुसतां येत नाहीं. तीं मुलें आतां मोठीं झालीं आहेत. त्यांपैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडलाच, तर त्यानें आम्हांस क्षमा करावी.