कंपायलर गप्प राहिला तेव्हा

पावसाचं पाणी उतारावरून ओढ्यात कसं उतरतं, याचं एक मॉडेल मी फोरट्रानमध्ये सांभाळतो. नकाशाचे लाखो चौकोन. प्रत्येकाची नवी पातळी काढायची ती शेजाऱ्यांच्या जुन्या पातळीवरून. कोणता चौकोन आधी घेतला, याने काहीच बिघडत नाही. अशा लूपसाठीच फोरट्रान 2008 मध्ये 'डू कॉन्करंट' आलं. मी मुख्य लूप त्यात लिहिला. कंपायलरने साधी वॉर्निंगही दिली नाही, उत्तरंही जुळली. वेळ मात्र पूर्वीइतकाच. 'टॉप' लावून पाहिलं, तर एक कोअर शंभर टक्के राबतोय आणि बाकीचे रिकामे.

नियमाने यात काही चुकलेलं नाही. डू कॉन्करंट लिहिणं म्हणजे 'या फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत' अशी हमी कंपायलरला देणं. त्या हमीवरून काम वाटून घेतलंच पाहिजे, असं मानक कुठेही म्हणत नाही. काही कंपायलर योग्य फ्लॅग दिला की हाच लूप अनेक कोअरवर, अगदी ग्राफिक्स कार्डावरही चालवतात. आमच्या क्लस्टरवरच्या जुन्या आवृत्तीत ते नव्हतं.

पुढे उतारासाठी एक तात्पुरतं व्हेरिएबल लागलं, प्रत्येक फेरीचं वेगळं. त्यासाठी 2018 च्या मानकात 'लोकल' आहे. आमच्या कंपायलरने त्या शब्दावरच सिंटॅक्स एरर दिली. लूपच्या आत 'ब्लॉक' घालून तेवढं भागवलं. पण एकूण पाण्याची बेरीज सगळ्या फेऱ्यांनी मिळून एकाच व्हेरिएबलमध्ये करायची असते, आणि तिच्यासाठीचं 'रिड्यूस' मानकात यायला 2023 उजाडलं. मानकात आलं म्हणजे मशीनवर आलं, असंही नाही. बेरजेचा लूप मी वेगळा काढला आणि तिथे ओपनएमपी वापरलं. फोरट्रानसाठी ते 1997 पासून आहे, त्याच्या सूचना कॉमेंटच्या रूपात लिहायच्या असतात, आणि ते उत्तम चालतं.

माझं दुःख वेगळं आहे. मोठ्या क्लस्टरवर जुना कंपायलर वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण बदलला तर सगळी मॉडेलं पुन्हा तपासावी लागतात. तिथे नवं पुस्तक वाचून आलेली विद्यार्थिनी 'लोकल' लिहिते, एरर पाहते आणि स्वतःचंच काहीतरी चुकलं असं धरून चालते. आमच्याकडच्या एकीला मी कितीतरी वेळ कंस आणि स्वल्पविराम तपासताना पाहिलं आहे. तिची ओळ मानकाप्रमाणे अचूक होती. भाषेची चूक आणि कंपायलरची उणीव यांतला फरक तिला कुणी सांगितलेलाच नव्हता, आणि 'सिंटॅक्स एरर' एवढ्या दोन शब्दांतून तो कळणारही नव्हता.

म्हणून फोरट्रान शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: फळ्यावर डू कॉन्करंट लिहाल, तेव्हा तुमच्या लॅबमधल्या कंपायलरची आवृत्ती आणि तिला त्यातलं काय काय येतं, हेही शेजारी लिहा.