कोयनेच्या काठची शाळा

1962 साली कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि पुढे कोयनेच्या खोऱ्यात भूगर्भातून अधूनमधून गडगडाट ऐकू येऊ लागला, तेव्हा मी पाटण तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो. मांडणीवरची भांडी खणखणली, तरी बायका चुलीपुढून न उठता 'हललं' एवढेच म्हणत. परंतु 11 डिसेंबर 1967 रोजी, पहाटेचे सव्वाचार वाजून गेल्यानंतर जो धक्का बसला, त्याने त्या सवयीचा पुरता निकाल लावला. 6.3 प्रतीच्या त्या भूकंपात पावणेदोनशेंहून अधिक माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि धरणाच्या भिंतीलाही तडे गेले.

मामलेदार कचेरीतील मंडळी पंचनाम्यांत गुंतली असता आमची शाळा आंब्याखाली भरू लागली. मुले पाटीवर लिहिता लिहिता मध्येच जमिनीला तळहात लावून पाहत. शेषनागाने मस्तक हलविले, असे घरी ऐकून आलेल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, शेष पुन्हा कधी हलणार?" तिचे नुसते सांत्वन करून भागण्यासारखे नव्हते, कारण धक्के चालूच होते आणि 'आता काही होणार नाही' हे माझे आश्वासन रात्रीपर्यंतही टिकले नसते.

म्हणून मी कारवीची एक वाळकी काठी आणवली आणि तिची दोन टोके धरून तिला सावकाश वाकविण्यास एका मुलाला सांगितले. काठी वाकली, आणखी वाकली आणि अकस्मात कडकन मोडली, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना झिणझिण्या आल्या. मग मी सांगितले, की भूपृष्ठ अखंड नसून प्रचंड खडकांच्या तुकड्यांचे आहे. आपली भारतभूमी ज्या तुकड्यावर वसली आहे, तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत असून, त्याच्याच रेट्याने हिमालय उंचावला आहे. त्या रेट्याचा ताण सह्याद्रीतील काळ्या पाषाणाखालीही साचत राहतो आणि खडकाला तो असह्य झाला, की जुन्या भेगेवर खडक एकाएकी घसरतो. त्या घसरण्याचा हादरा म्हणजेच भूकंप. आमच्या खोऱ्यात त्यात जलाशयाची भर पडली होती: पाण्याचा भार वरून पडतोच, शिवाय भेगांत झिरपलेले पाणी आतून दाब देऊन खडकांची परस्परांवरील पकड सैल करते, आणि जो ताण कदाचित दीर्घकाळ दबून राहिला असता, त्याला वाट मिळते.

पुन्हा केव्हा, या प्रश्नाला मात्र तारीखवार उत्तर कोणापाशीच नव्हते, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. पण किती दूर, याचा हिशेब करता येत होता. खडकातून प्रथम येणारी लहर वेगवान असते आणि तिचाच गडगडाट कानी पडतो. जोराने हलविणारी लहर तिच्या मागून येते. आणि दोहोंमधील सेकंदांना आठाने गुणले, की उगमाचे अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये निघते. त्या दिवसापासून गडगडाट झाला, की मुले मोठ्याने आकडे मोजू लागत. बहुधा 'दोन' म्हणून होण्यापूर्वीच पाट्या थरथरत आणि ज्यांना आठाचा पाढा कधी धड येत नव्हता, तेच प्रथम अंतर सांगून मोकळे होत. भीती गेली असे मी म्हणणार नाही, परंतु तिला एक काम मिळाले.

माणसे बहुतांशी भिंतींखाली सापडून गेली होती, हे मुलांनी स्वतःच हेरले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या होत्या, आणि कारवीच्या कुडाची हलकी खोपटी वाकडीतिकडी होऊन का होईना, उभी होती. मग सांध्याला सांधा न येऊ देणारी रचना, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आणि चारही भिंतींना बांधून ठेवणारी आडवी पट्टी यांचे चित्र मी फळ्यावर काढले. पुढे सरकारी मदतीतून घरे उभी राहू लागली, तेव्हा काठी मोडणाऱ्या मुलाचा बाप तणतणत शाळेत आला. "गुरुजी, ह्यो पोरगा आता गवंड्यालाच शिकवाया लागलाय! आरपार दगुड घातल्याबिगर थर चढवू देत न्हाई. मी काय करू?"

"दगड आणून द्या," मी म्हणालो.