बाईंचं ‘नाही’

आमच्या भागात नर्सबाई चांगली की वाईट, हे पूर्वी एकाच गोष्टीवरून ठरायचं. मागितली की सुई टोचते, ती चांगली. चार प्रश्न विचारून गोळ्यांची पुडी हातावर ठेवते, ती वाईट. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी काढणारा माणूस दिवस मावळेपर्यंत वाकलेला असतो. संध्याकाळी अंगात कणकण भरली, तरी सकाळी त्याला पुन्हा रानात जायचं असतं. त्याच्या लेखी सुई म्हणजे औषध. बाकी सगळी टोलवाटोलवी.

१९८८ साली आमच्या उपकेंद्राला एक बाई आल्या. सरकारी हिशोबानं सपाट मुलखात पाच हजार माणसांमागं एक उपकेंद्र असतं. आमचं म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी कॉट, एक कपाट आणि दारात लिंबाचं झाड. बाईंचा हुद्दा कागदावर ए.एन.एम., पुढं त्याचं आरोग्य सेविका झालं. गावात मात्र नर्सबाई, आणि तोंडावर नुसतं ‘बाई’.

आठ दिवसांत गावाला कळलं, की या बाई ‘नाही’ म्हणणाऱ्या आहेत. आमच्या शेजारचा एक म्हातारा गडी ताप घेऊन गेला होता. मीच त्याला सायकलवर बसवून नेलं होतं.

“आवो बाई, एक सुई टोचा की. पैशे देतो.”

“मामा, तुम्ही मागताय ती पेनिसिलीनची सुई आहे. एखाद्याला ती सोसत नाही, माणूस जागेवर जातो. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय मी देणार नाही.”

“त्यो मोटारसायकलवाला देतो की!”

त्या काळी एक जण पेटी घेऊन वस्त्यावस्त्यांवर फिरायचा. पाच रुपयांत सुई. कुठं शिकला, काय शिकला, कुणाला ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, “तो देतो. उद्या काही झालं तर तो सापडणार नाही. मी इथंच आहे.”

म्हातारा कुरकुरत उठला. पण ‘मी इथंच आहे’ हे शब्द माझ्या डोक्यात बसले. त्यांच्या मागं किती मोठी गोष्ट उभी आहे, ते मला बऱ्याच वर्षांनी, माझी पुतणी नर्सिंगला गेल्यावर कळलं.

पुतणीनं चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग केली. सुट्टीत आली की मी तिला विचारत बसायचो. दहावीपर्यंतच शिकलेल्या माणसाला शिकायची हौस उशिरा येते. ती सांगायची, “आण्णा, नुसतं शिकून नर्स होत नाही. परिषदेच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं.” १९४७ साली केंद्रानं कायदा करून भारतीय परिचर्या परिषद काढली. देशभर नर्सचं शिक्षण एका मापाचं असावं, हे तिचं काम. मग आपल्या राज्याचा १९६६ चा कायदा. त्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदवही ठेवते. व्यवसायाला न शोभणारं वागणं सिद्ध झालं, तर नाव त्या वहीतून खोडलं जाऊ शकतं. मला हे लगेच समजलं. जमीन कसायला येणं वेगळं आणि सातबाऱ्याला नाव असणं वेगळं. नाव असलं की हक्क येतो, आणि शेतसाराही तुमच्याच नावावर निघतो. आता २०२३ साली संसदेनं १९४७ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला, परिषदेऐवजी आयोग आणला. पण मूळ तेच आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव द्यायचा, त्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं पाहिजे.

नाव लिहिलेलं नसलं तर काय होतं, तेही पुतणीनंच सांगितलं. दिल्लीतलं प्रकरण. टायफॉईडनं आजारी असलेल्या एका लहान मुलाला खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं नर्स म्हणून काम करणाऱ्या बाईनं त्याच्या शिरेत भलतंच इंजेक्शन दिलं. पोराचं हृदय थांबलं. जीव वाचला, पण मेंदू कायमचा गेला. त्या बाईचं नाव कुठल्याच राज्याच्या परिषदेत नव्हतं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोराला साडेबारा लाख आणि आईबापांच्या यातनांबद्दल पाच लाख देण्याचा निकाल कायम केला. नर्सच्या चुकीला तिला कामावर ठेवणारा दवाखानाही जबाबदार, हे त्यात ठरलं.

ते ऐकताना मला तो मोटारसायकलवाला आठवला. आणि पुतणीला शिकवलेल्या पाच गोष्टीही नीट समजल्या. माणूस बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, वाट बरोबर. वाट म्हणजे औषध तोंडातून जायचं, दंडात द्यायचं की शिरेत. पाचांतलं एक चुकलं तरी औषधाचं विष होतं. सहावी गोष्ट, दिलं की लिहायचं. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, असं त्यांच्यात मानतात.

बाईंची सगळीच ‘नाही’ सुईपुरती नव्हती. एकदा लसीच्या दिवशी लांबच्या वस्तीवरची एक बाई लेकरू काखेत घेऊन दिवस कलल्यावर पोचली. गोवराची लस भुकटीची असते. पातळ केली की चार तासांच्या आत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. सकाळी फोडलेली अर्धी बाटली टेबलावर होती. लेकराची आई रडकुंडीला आली. “तेवढ्यानं काय हुतंय बाई, टोचा की. चार कोस चालत आलेय.” बाईंनी बाटली तिच्यासमोर बाजूला काढली आणि नाही म्हणाल्या. जमलेल्या बायांनी बाईंना काळीज नाही म्हणून नावं ठेवली. पण पुढच्या फेरीला बर्फाची पेटी खांद्याला अडकवून बाई स्वतः त्या वस्तीवर गेल्या. ‘नाही’ म्हणून दार लावून घेणारी माणसं पुष्कळ बघितली. या बाई नाही म्हणून झाल्यावर चालायला लागत.

दुसरं ‘नाही’ गुपिताचं. गावातला एक जण बरीच वर्षं गाड्यांवर बाहेर होता. तो खंगून घरी परतला. बाई त्याच्याकडं जायच्या, गोळ्या द्यायच्या, बायकोशी बोलायच्या. पारावर चर्चेला ऊत आला. एका पुढाऱ्यानं तर सरळ विचारलं, “बाई, गावाला समजायला नको का? आमची बी लेकरंबाळं हायती.” बाई म्हणाल्या, “तुम्ही आजारी पडलात, तर तुमचंही मी कुणाला सांगणार नाही.” पुढारी गप झाला. तो माणूस पुढं वारला. त्याला काय झालं होतं, ते मला आजही माहीत नाही. त्याच्या बायकोला गावानं विहिरीवर कधी अडवलं नाही, हे मात्र माहीत आहे.

एचआयव्ही झालेल्या माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करू नये, असा कायदा २०१७ साली झाला. बाईंनी तोंड मिटलं, ते त्याच्या कितीतरी आधी. आणि कायदा एका आजाराचं बोलतो, बाईंचं कुलूप सगळ्यांनाच होतं. ते त्या शपथेतून आणतात. नर्स होताना हातात दिवा घेऊन जी शपथ देतात, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं ओळखली जाते. प्रत्यक्षात ती १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात तयार झाली. अपाय करणारं औषध जाणूनबुजून देणार नाही आणि रुग्णाच्या घरचं जे कानावर येईल ते बाहेर नेणार नाही, असा त्यातला भाव. म्हणजे शपथेतसुद्धा दोन ‘नाही’ आहेतच.

मधे बाईंची बदली झाली. नोकरीची शेवटची वर्षं काढायला त्या पुन्हा आमच्याकडं आल्या. तेव्हाची, २०१८ सालची गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण तिथं कायदा आणि माया एका गाडीला जुंपलेल्या दोन बैलांसारखी दोन बाजूंना ओढायला लागली.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत लग्नं लवकर उरकतात. नवराबायकोची जोडी झाली की एक कोयता होतो, मुकादम उचल देतो. अशा एका घरातली पोरगी दिवस राहून उपकेंद्रात आली. शाळेच्या दाखल्यानं सोळा वर्षांची. आई हात जोडून म्हणाली, “बाई, कार्डावर अठरा ल्या. तुमच्या एका आकड्यानं आमचं घर वाचंल.” बाईंनी सोळा लिहिलं.

अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत असं काही कळलं, तर पोलिसांना कळवायलाच पाहिजे, असं २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. न कळवणं हाही गुन्हा. बाईंनी आधी पोरीला आणि आईला समोर बसवून सांगितलं, की मी काय करणार आहे आणि का. मग डॉक्टरसाहेबांना सांगितलं. पुढचं व्हायचं ते झालं. वीस-एकवीस वर्षांचा तो पोरगा आत गेला. दोन्ही घरं बाईंवर उठली. चार दिवस उपकेंद्रापुढं शिव्याशाप चालले होते. आरोग्य सेवेतल्या माणसावर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, असा राज्याचा २०१० चा कायदा आहे. तो माहीत असलेल्या दोघा-तिघांनी पोरांना आवरलं, म्हणून तेवढ्यावर भागलं.

त्या दिवसांत एकदा बाई आमच्या घरी चहाला थांबल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, “वहिनी, मी कळवलं ते बरोबरच. पण उद्या दुसरी अशी पोरगी पोलिसाच्या भीतीनं दवाखान्यात आलीच नाही, घरातच बाळंत झाली आणि गेली, तर ते कुणाच्या वहीत लिहायचं?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायद्याच्या पुस्तकातही ते लिहिलेलं नसावं. बाईंनी आपल्यापुरता मार्ग काढला. तिथून पुढं त्या आणि आशाताई कोयत्यांच्या घरांत लग्न ठरायच्या आधीच जाऊन बसायला लागल्या.

त्या पोरीचं काय झालं? खरं वय कार्डावर होतं, म्हणून ती जोखमीची बाळंतीण म्हणून तांबड्या शाईत आली. दर फेरीला तिचं ब्लडप्रेशर बघितलं जायचं. आठव्या महिन्यात पायांवर सूज चढली, प्रेशर वाढलं. बाईंनी १०८ ची गाडी बोलावून तिला सोलापूरला पाठवलं. पोरगी जगली, लेकरूही जगलं. कार्डावर अठरा असते, तर तिच्याकडं एवढं कुणी बघितलं असतं का? ते घर आजही म्हणतं, बाईंनी आमच्या पोराला आत टाकलं. तेही खरं आहे. पोरगी जिवंत आहे, हेही खरं आहे.

या ‘नाही’चा सगळ्यात मोठा दाखला मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात घडला. अरुणा शानबाग तिथंच नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला. गळा आवळला गेला, मेंदूला इजा झाली, आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्यांना मरण येऊ द्यावं, म्हणून एका लेखिकेनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तो अर्ज कणवेपोटीच होता. पण केईएमच्या नर्सनी ‘नाही’ म्हटलं. आम्ही सांभाळतो, म्हणाल्या. ७ मार्च २०११ ला न्यायालयानं तो अर्ज फेटाळला. ठरावीक अटींवर जगवणारे उपचार थांबवण्याची वाट देशासाठी उघडली, पण अरुणाताईंच्या बाबतीत सांभाळणाऱ्यांचा शब्द मोठा मानला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, असं न्यायालयासमोर आलं होतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ दोन महिन्यांत कशी होते, हे खेड्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. इथं सदतीस वर्षं. पहिल्यांदा पाठ पुसणाऱ्या नर्स निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्यांतल्या कित्येकींनी अरुणाताईंना धडधाकट कधी बघितलंही नव्हतं. तरी दर पाळीला कुणीतरी कूस बदलतच राहिलं. १८ मे २०१५ ला अरुणाताई गेल्या. असं जगणं त्यांना स्वतःला हवं होतं का, हा प्रश्न मला छळतो. पण ‘मरू देणार नाही’ म्हणायचा हक्क कुणाला असेलच, तर तो कूस बदलणाऱ्या हातांना आहे, एवढं मला पटतं.

आमच्या बाई २०२० साली निवृत्त झाल्या. आता कंत्राटावरची एक तरुण सिस्टर आहे. तिला तीन गावं, ढीगभर नोंदी, मोबाईलवर भरायची माहिती आणि पगाराची वाट. तीही नाही म्हणते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सलाईन लावायला नाही म्हणते, मागच्या तारखेची नोंद घालायला नाही म्हणते. परवा पोरं पारावर म्हणत होती, “लय ताठ हाय, बदलीच करून टाकू.”

मी म्हटलं, “बाबांनो, हो म्हणणारी माणसं तुम्हाला शंभर मिळतील. तुमच्या आईला रात्री दोन वाजता धाप लागंल, तेव्हा भलतं औषध हातात धरून ‘हे नाही’ म्हणणारं एक माणूस गावात असू द्या.”